कॅलिफोर्नियात घटस्फोट आणि प्रॉपर्टीची वाटणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बे एरिया, एलए, सॅन डिएगोकडच्या मराठी मंडळींकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच सगळे एका जागी लिहून ठेवलेत. सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे, दुसऱ्या स्टेटमध्ये असाल तर आधी प्रश्न १५ बघा. आणि भारतातली प्रॉपर्टी, स्वतःचा धंदा किंवा मोठे स्टॉक असतील तर फॅमिली लॉ वाला वकील गाठाच, इथलं वाचून कशावर सही करू नका.

१. कम्युनिटी प्रॉपर्टी म्हणजे नक्की काय? सगळंच अर्धं अर्धं होतं का?

सगळं नाही. लग्नाच्या दिवसापासून सेपरेशनच्या तारखेपर्यंत दोघांपैकी कोणीही जे कमावलं आणि त्या कमाईतून जे घेतलं, ते दोघांचं, निम्मं निम्मं. लग्नाआधीचं ज्याचं त्याचं. लग्नानंतर आलेलं पण वारसाहक्काने किंवा एकट्याला भेट म्हणून मिळालेलं तेही ज्याचं त्याचंच, ह्याला सेपरेट प्रॉपर्टी म्हणतात, आणि त्याचं भाडं, व्याज, डिव्हिडंडसुद्धा सेपरेटच राहतं.

म्हणजे प्रत्येक वस्तूसमोर दोनच गोष्टी विचारायच्या: कधी आली, आणि कुठल्या पैशातून आली. लोक मात्र पहिला प्रश्न विचारतात तो "नावावर कोणाच्या आहे?" भारतातली सवय आहे ती, इथे ती जवळपास निरुपयोगी आहे.

अजून एक. निम्मं म्हणजे प्रत्येक गोष्टीचे दोन तुकडे नाहीत. सगळ्याची बेरीज करायची, कर्ज वजा करायचं आणि एकूण आकडा दोघांना सारखा आला पाहिजे. एकाने घर ठेवलं, दुसऱ्याने ४०१-के (नोकरीतलं रिटायरमेंट अकाउंट) आणि वरचा फरक रोख घेतला, असं चालतं. आणि दोघांनी राजीखुशीने ६०-४० लिहून दिलं तर तेही चालतं, बरोब्बर निम्म्याची सक्ती कोर्टाने ठरवायची वेळ आली तरच.

२. मी एच-४ वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावरून मिळालेला व्हिसा) आहे, कधी नोकरी केली नाही, घर आणि बँक अकाउंट सगळं नवऱ्याच्या नावावर. मला काय मिळणार?

लग्नानंतरच्या कमाईतून घेतलेलं असेल तर अर्धं. ह्यात मेहेरबानीचा काही संबंध नाही, त्याच्या पगाराचा अर्धा भाग तो आला त्याच दिवशी तुमचा होता. व्हिसाचा आणि ह्या हक्काचा संबंध नाही. व्हिसाचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे, घटस्फोट फायनल झाला की त्याच्यावर अवलंबून असलेलं एच-४ स्टेटस संपतं, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाशी आधीच बोलून ठेवा, जजमेंट हातात आल्यावर नाही.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. ज्याच्या हातात पैसा आहे त्याने दुसऱ्याच्या वकिलाची फी भरावी अशी ऑर्डर कोर्ट देऊ शकतं, तसा अर्ज करावा लागतो. कोर्टाची फी परवडत नसेल तर फी माफीचा फॉर्म वेगळा आहे. प्रत्येक काउंटीत कोर्टाचं सेल्फ हेल्प सेंटर असतं, तिथे फॉर्म भरायला फुकट मदत मिळते.

३. आमचं लग्न पुण्यात झालंय. केस इथे चालेल? किती दिवस लागतात?

लग्न कुठे झालं ह्याला महत्त्व नाही. दोघांपैकी एकजण कॅलिफोर्नियात ६ महिने आणि त्या काउंटीत ३ महिने राहत असला पाहिजे. समोरच्याला कागद पोचल्यापासून किमान ६ महिने आणि १ दिवस घटस्फोट फायनल होत नाही, दोघं कितीही खुशीत असले तरी. वाद असेल तर वर्ष दोन वर्षं सहज.

४. तिचं/त्याचं बाहेर अफेअर होतं. मग मला जास्त वाटा मिळेल ना?

नाही. १९७० पासून इथे चूक कोणाची हे बघतच नाहीत, पटत नाही एवढं कारण पुरतं. पण त्या अफेअरवर दोघांच्या पैशातून खर्च झाला असेल, हॉटेलं, दागिने, भाड्याचं घर, तर तो हिशोब मागता येतो. पैसे लपवले किंवा वळवले असतील तर प्रश्न १३ पण बघा.

५. लग्नाआधी मी घर घेतलं होतं. लग्नानंतर हप्ते माझ्याच पगारातून भरले. घर माझंच ना?

घर तुमचं, पण पूर्ण नाही. लग्नानंतरचा तुमचा पगार तुमचा एकट्याचा नव्हता, त्यामुळे हप्ते दोघांच्या पैशातून गेले. इथे मूर-मार्सडेन नावाचा हिशोब लावतात, दोन जुन्या केसेसच्या नावावरून.

आकडे घेऊन बघा. घर ६ लाख डॉलरला घेतलं, डाउन पेमेंट १ लाख २० हजार, बाकी लोन. लवकरच लग्न झालं, तेव्हा किंमत तेवढीच होती. लग्नाच्या काळात मुद्दल ६० हजार फिटलं. आज घर १० लाखाचं. ६० हजार म्हणजे मूळ किमतीच्या १० टक्के, म्हणून लग्नात वाढलेल्या ४ लाखांपैकी १० टक्के, म्हणजे ४० हजार, अधिक ते ६० हजार, असे १ लाख दोघांचे. जोडीदाराला ५० हजार. बाकी तुमचं.

हप्त्यातलं फक्त मुद्दल धरतात. व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स ह्यात येत नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यात व्याजच जास्त असतं म्हणून हा आकडा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघतो.

६. माझ्या वडिलांनी भारतातून डाउन पेमेंटला पैसे पाठवले होते. ते परत मिळतील का?

घर लग्नानंतर दोघांच्या नावावर घेतलं असेल तर ते घर कम्युनिटी धरलं जातं. पण डाउन पेमेंट तुमच्या सेपरेट पैशातून गेलं हे कागदाने दाखवलंत तर तेवढी रक्कम आधी तुम्हाला परत, उरलेलं निम्मं निम्मं. फक्त व्याज मिळत नाही आणि घराची किंमत दुप्पट झाली म्हणून ती रक्कम दुप्पट होत नाही. २ लाख घातले तर २ लाखच.

आता गोची. पैसे कोणाला दिले होते? फक्त मुलाला की दोघांना? लोन घेताना बँकेने वडिलांकडून गिफ्ट लेटर लिहून घेतलेलं असतं, तो कागद शोधा. त्यात "मुलाला आणि सुनेला" असं असेल तर समोरचा वकील तेच दाखवून अर्धे माझ्या अशिलाचे म्हणणार. आणि त्याच पत्रात "ही भेट आहे, परत करायची नाही" अशी ओळ असते, त्यामुळे आता "ते वडिलांचं कर्ज होतं" असं म्हणायला गेलात की तुमचीच सही असलेला कागद तुमच्या विरोधात उभा राहतो. हे फार घरांत होतं. पैसे ज्या अकाउंटला आले तिथून टायटल कंपनीकडे (घराच्या खरेदीचे पैसे आणि कागद सांभाळणारी कंपनी) सरळ गेल्याचं दिसलं तर उत्तम, मध्ये जॉइंट अकाउंटमध्ये थांबले असतील तर पुढचा प्रश्न वाचा.

७. लग्नाआधीची सेव्हिंग जॉइंट अकाउंटमध्ये टाकली. आता ती गेलीच का?

टाकली म्हणून आपोआप गेली असं नाही, पण कुठला डॉलर कुठला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. एकाच अकाउंटमध्ये पगार येतोय, किराणा जातोय, मध्येच तुमचे जुने ४० हजार आहेत आणि दहा वर्षं झाली, तर सगळी स्टेटमेंट असल्याशिवाय ते वेगळे काढता येत नाहीत. बँक जुनी स्टेटमेंट कायमची ठेवत नाही, म्हणून आजच्या आज जितकी मागची मिळतील तितकी पीडीएफ उतरवून घ्या. कागद सापडला नाही तर ते कम्युनिटीच धरलं जातं.

८. रिफायनान्स करताना बँकेने माझं नाव डीडवरून (घराच्या मालकीच्या कागदावरून) काढायला लावलं. मी सही केली. माझा हक्क संपला?

बहुतेक नाही, पण हा प्रश्न वकिलाकडे घेऊन जाच. नेहमीची कथा असते, एकाचा क्रेडिट स्कोर कमी, रेट चांगला मिळावा म्हणून दुसऱ्याच्या एकट्याच्या नावावर लोन, आणि टेबलावर अर्ध्या तासात इंटरस्पाउझल ट्रान्सफर डीडवर, म्हणजे घरातला आपला हक्क जोडीदाराला देणाऱ्या कागदावर, सही. कॅलिफोर्नियात नवरा-बायको एकमेकांचे विश्वस्त धरले जातात, त्यामुळे अशा सहीने एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा होत असेल तर दबाव होता असंच कोर्ट आधी गृहीत धरतं. सही खुशीने, सगळं समजून झाली होती हे ज्याचा फायदा झाला त्याने दाखवायचं. काही केसेसमध्ये ते दाखवलंही जातं आणि घर हातचं जातं, म्हणून त्या वेळचे ईमेल, लोन ऑफिसरचे मेसेज, "नंतर नाव परत घालू" असं लिहिलेला व्हॉट्सॅप, सगळं जपून ठेवा.

९. आरएसयू (कंपनीने देऊ केलेले शेअर) अजून वेस्ट झाले नाहीत, म्हणजे माझ्या हातात आले नाहीत. ते वाटणीत येतात का?

येतात, जितका भाग लग्नाच्या काळातल्या कामाचा आहे तितका. वेस्ट कधी झाले ह्यावर सगळं ठरत नाही.

दोन फॉर्म्युले चालतात, ह्यूग आणि नेल्सन. समजा नोकरी १ जानेवारी २०१९ ला लागली, लग्न त्याआधीच झालेलं, ग्रँट (कंपनीने शेअर देऊ केले ती तारीख) १ जानेवारी २०२१ ची, वेस्टिंग १ जानेवारी २०२५, सेपरेशन १ जानेवारी २०२४. नेल्सनमध्ये ग्रँटपासून मोजतात: ४८ पैकी ३६ महिने, म्हणजे ७५ टक्के कम्युनिटी. ह्यूगमध्ये नोकरी लागल्यापासून: ७२ पैकी ६० महिने, साधारण ८३ टक्के. कुठला लागणार हे ग्रँट कशासाठी दिली ह्यावर जातं, आधीच्या कामाचं बक्षीस किंवा नोकरीवर यायचं आमिष असेल तर ह्यूगकडे झुकतं, पुढे टिकून राहावं म्हणून असेल तर नेल्सनकडे. म्हणून ऑफर लेटर आणि प्रत्येक ग्रँटचं लेटर वेगवेगळं वाचायचं, प्रत्येक ग्रँटचा, प्रत्येक वेस्टिंग तारखेचा हिशोब स्वतंत्र असतो, चार वर्षांच्या ग्रँट असतील तर तीस-चाळीस ओळींची एक्सेल शीट होते, आणि ती होऊ द्या.

टॅक्स विसरू नका. वेस्ट झाले की ते ज्याची नोकरी आहे त्याच्या पगारासारखे टॅक्स होतात, म्हणून दुसऱ्याला टॅक्स जाऊन उरलेल्याचा वाटा, असं करारात स्पष्ट लिहा.

१०. ४०१-के मधले पैसे काढून वाटायचे का?

काढू नका. क्यूडीआरओ नावाची वेगळी कोर्ट ऑर्डर करून प्लॅनला पाठवायची, मग तो भाग टॅक्स न लागता दुसऱ्याच्या रिटायरमेंट अकाउंटमध्ये जातो. दुसऱ्याला रोख हवे असतील तर ह्या ऑर्डरखाली थेट ४०१-के मधून काढल्यास एरवीचा १० टक्के दंड लागत नाही, इन्कम टॅक्स लागतो. एकदा आयआरएमध्ये (स्वतःच्या नावाचं रिटायरमेंट अकाउंट) हलवले की ही सवलत गेली. आयआरए वाटायला क्यूडीआरओ लागत नाही, जजमेंट पुरतं. भारतातल्या ईपीएफला हा कागद चालत नाही, तो आकडा दुसरीकडे वळता करतात.

११. पुण्यातला फ्लॅट, गावची शेती, ह्याचं काय?

लग्नानंतर दोघांच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट वाटणीत येतो, भारतात राहत असताना घेतला असला तरी. इथे राहत असतो तर कम्युनिटी झालं असतं असं जे बाहेर मिळवलं त्याला क्वासी-कम्युनिटी म्हणतात आणि घटस्फोटात ते तसंच वाटतात. गावची वडिलोपार्जित शेती, सातबारावर आजोबांपासून नाव आलेलं, ती सेपरेट. सुनेचा किंवा जावयाचा त्यात वाटा नाही.

कागदावर हे सोपं, करायला अवघड. कॅलिफोर्नियाचा जज पुण्याच्या सब-रजिस्ट्रारला हुकूम देऊ शकत नाही, तो फक्त नवऱ्याला किंवा बायकोला "सही करून दे" म्हणू शकतो. अमेरिकन कोर्टाची डिक्री भारतात सरळ बजावता येत नाही कारण अमेरिका त्यासाठीच्या मान्य देशांच्या यादीत नाही, तिथे त्यावर नवीन दावा लावावा लागतो. घटस्फोटाचंही तसंच, हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेलं असेल आणि एकजण इथल्या केसमध्ये हजरच झाला नसेल तर १९९१ च्या नरसिंह राव निकालामुळे भारतात तो घटस्फोट अडकू शकतो. म्हणून शहाणपण ह्यात की फ्लॅटची किंमत काढायची, तो ज्याला भारतात सांभाळता येईल त्याच्याकडे ठेवायचा आणि तेवढ्याचं इथलं काहीतरी दुसऱ्याला द्यायचं.

फ्लॅटच्या किमतीवरूनच निम्मी भांडणं होतात. रेडी रेकनरचा भाव सांगून कमी दाखवणारे बरेच, त्यावर थांबू नका, सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट मागा.

१२. लग्नातलं सोनं कोणाचं?

तिच्या आईवडिलांनी तिला दिलेलं तिचं. सासरच्यांनी तिला घातलेलं, तिचं. ती भेट आहे आणि भेट सेपरेट. मंगळसूत्रावर कोणी भांडू नये, तरी भांडतात. नवऱ्याने लग्नानंतर दोघांच्या पैशातून दिलेला दागिना जर अंगावर घालायचा आणि घरच्या ऐपतीच्या मानाने फार मोठा नसेल तर तिचा, लेखी लागत नाही. पण वर्षाच्या पगाराएवढा हिऱ्यांचा सेट असेल तर "तुझाच" असं लिहून दिलेलं नसेल तर तो वाटणीत येऊ शकतो. गुंतवणूक म्हणून घेतलेली नाणी-बिस्किटं सरळ दोघांची.

खरी अडचण हे सोनं भारतात सासूबाईंच्या लॉकरमध्ये असतं ही आहे. पावत्या नसतात, वजन कोणाला आठवत नाही. लग्नाचा अल्बम काढा, प्रत्येक दागिन्याचा फोटो, अंदाजे तोळे आणि कोणी दिला ते लिहून यादी करा. स्त्रीधनासाठी भारतात वेगळा कायदेशीर मार्ग आहे, १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून तो पक्का आहे.

१३. त्याने पैसे लपवलेत किंवा भावाच्या अकाउंटला वळवलेत असं वाटतंय. काय करू?

दोघांनाही सगळं उघड करावंच लागतं, कोर्टाच्या एफएल-१४२ फॉर्मवर मालमत्ता आणि कर्जं, एफएल-१५० वर उत्पन्न-खर्च, सोबत दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न. हे मागायची गरज नाही, न मागता द्यायचं असतं. भारतातली एनआरई, एनआरओ खाती, एफडी, एलआयसी सगळं ह्यात येतं.

लपवलं तर त्या गोष्टीचा अर्धा भाग अधिक वकिलाची फी, आणि मुद्दाम फसवलं असं ठरलं तर पूर्णच्या पूर्ण गोष्ट समोरच्याला. रॉसी केसमध्ये बायकोला १९९६ च्या डिसेंबरात लॉटरीत सुमारे १३ लाख डॉलरचा वाटा लागला, तिने तो लपवून लगेच घटस्फोटाची केस टाकली, पुढे एका पत्रावरून नवऱ्याला कळलं आणि कोर्टाने तिचा पूर्ण वाटा त्याला दिला. खरं सांगितलं असतं तर निम्मे तरी राहिले असते.

समन्सचं मागचं पानही वाचा, कोणी वाचत नाही. केस टाकणाऱ्यावर टाकल्यापासून आणि दुसऱ्यावर कागद मिळाल्यापासून बंदी लागते: प्रॉपर्टी विकायची नाही, इन्शुरन्सचा बेनिफिशियरी बदलायचा नाही, मुलांना लेखी परवानगीशिवाय स्टेटबाहेर न्यायचं नाही. उन्हाळ्यात आजी-आजोबांकडे जायची तिकिटं काढलेली असतील तर आधी सही घ्या. घरखर्च चालतो, दर महिन्याला आईवडिलांना पाठवत होता तेवढंच पाठवत राहणं सहसा खपतं, एकदम ५० हजार पाठवणं नाही.

१४. सेपरेशनची तारीख कुठली? आम्ही अजून एकाच घरात राहतोय.

ज्या दिवशी एकाने "लग्न संपलं" हे दुसऱ्याला कळवलं आणि वागणंही तसंच सुरू झालं तो दिवस. त्यानंतरची कमाई ज्याची त्याची, म्हणून मोठा बोनस मार्चमध्ये आला की तारीख फेब्रुवारी की एप्रिल ह्यावर युद्ध होतं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्ट ऑफ कॅलिफोर्नियाने एका घरात राहून सेपरेशन होत नाही असं म्हटलं, मग २०१७ पासून कायदाच बदलला, आता एका छपराखाली राहूनही होऊ शकतं. भाडी परवडत नाहीत त्यामुळे हे बरंच झालं. फक्त पुरावा ठेवा: एक साधा ईमेल, वेगळी खोली, वेगळे अकाउंट. आणि त्यानंतर नातेवाइकांसोबत हवाईला फॅमिली ट्रिप, अॅनिव्हर्सरीचे फोटो असं काही करू नका.

सेपरेशननंतर जो स्वतःच्या पगारातून घराचे हप्ते भरतो त्याला त्याचं श्रेय मागता येतं, पण तो एकटाच तिथे राहत असेल तर दुसराही भाड्याच्या हिशोबाने आपला भाग मागू शकतो.

१५. हे सगळं टेक्सासला पण असंच आहे का? गोव्यातही असंच असतं ना?

कम्युनिटी प्रॉपर्टीची ९ स्टेट आहेत: कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, अॅरिझोना, नेवाडा, न्यू मेक्सिको, आयडाहो, लुइझियाना, विस्कॉन्सिन. पण टेक्सासमध्ये जज "न्याय्य" वाटेल तशी वाटणी करतो, निम्मंच असं नाही. न्यू जर्सी, इलिनॉयवाल्यांना ह्यातलं बरंच लागू नाही.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमधून आलेली पद्धत आहे आणि ती कॅलिफोर्नियापेक्षा रुंद आहे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नाआधीचं आणि वारसाचंसुद्धा साधारणपणे दोघांचं होतं. तुमचं लग्न गोव्यात रजिस्टर झालेलं असेल आणि तिथे प्रॉपर्टी असेल तर गोव्याच्या वकिलालाही विचारा.

१६. कर्ज कोणाच्या डोक्यावर?

लग्नातलं कर्ज दोघांचं, क्रेडिट कार्ड कोणाच्याही नावावर असो. स्टुडंट लोन मात्र सहसा जो शिकला त्याच्याकडे जातं. आणि जजमेंटमध्ये "घराचं लोन नवरा फेडेल" लिहिलं तरी लोनवर तुमची सही असेल तर बँक तुम्हाला सोडत नाही, त्याने हप्ता चुकवला की तुमचा क्रेडिट स्कोर पडतो. म्हणून "इतक्या महिन्यांत रिफायनान्स, नाहीतर घर विक्रीला" ही ओळ करारात घाला.

१७. घर माझ्याकडे घेतलं तर टॅक्स लागतो का? बायको आता भारतात परत गेली आहे.

घटस्फोटात एकमेकांना दिलेल्या प्रॉपर्टीवर एरवी त्या वेळी टॅक्स लागत नाही, प्रॉपर्टी टॅक्सचं रीअसेसमेंटही होत नाही. जुनी खरेदी किंमत मात्र घेणाऱ्याच्या गळ्यात येते, पुढे एकट्याने विकलं की फायद्यातले २ लाख ५० हजार डॉलरच माफ, दोघांनी मिळून विकलं असतं तर ५ लाख. २० वर्षांपूर्वी घेतलेल्या घरात हा फरक फार मोठा असतो.

आणि तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ महत्त्वाची आहे. प्रॉपर्टी ज्याला द्यायची तो टॅक्सच्या भाषेत नॉन-रेसिडेंट एलियन असेल, म्हणजे ग्रीन कार्डही नाही आणि इथे पुरेसे दिवसही नाहीत, तर ही सवलत लागू होत नाही, देणाऱ्याला विकल्यासारखा टॅक्स बसू शकतो. तुम्ही घर ठेवताय आणि बदल्यात तिला वाढलेले शेअर देताय तर नेमकं हेच होईल. तिला शेअरऐवजी रोख द्या, किंवा ती इथली टॅक्स रेसिडेंट असतानाच ट्रान्सफर उरका, आणि दोन्हींच्या आधी सीपीएला विचारा.